खासगी मोटार भाड्याने देताना : विम्याचे संरक्षण कोठपर्यंत?

भोपाळ शहराच्या दक्षिणेस, नर्मदातीरावरील होशंगाबादकडे म्हणजे आजच्या नर्मदापुरमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मिसरोद हे ठिकाण लागते. भोपाळ-इटारसी लोहमार्गावर याच नावाचे लहानसे स्थानक आहे. पुढे मंडीदीपची औद्योगिक वसाहत, त्यापलीकडे भोजपूरचे शिवालय आणि भीमबेटकाच्या चित्रगुहा. शहर जसजसे या बाजूस सरकत गेले, तसतशा मिसरोदच्या रस्त्याच्या दुतर्फा नव्या वसाहती उभ्या राहिल्या. २०१३ साली भोपाळमध्ये सुरू झालेल्या जलद बससेवेच्या स्वतंत्र मार्गिकेचे एक टोक बैरागड, तर दुसरे मिसरोद होते. सुमारे चोवीस किलोमीटरची ही मार्गिका काढून टाकण्याचे काम २०२४ च्या प्रारंभी सुरू झाले.

भोपाळशी मराठी कुटुंबांचा संबंध जुना आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा सचिवालयातील अनेक मराठी कर्मचारी दप्तराबरोबर तिकडे गेले आणि तेथेच स्थायिक झाले. आज त्यांच्या मुलानातवंडांच्या दारात मोटार आहे. मात्र ती बहुतेक वेळ दारातच उभी असते. कर्जाचा हप्ता दरमहा ठरलेल्या तारखेस जातो आणि गाडी धूळ खात राहते. अशा वेळी कोणीतरी सुचवितो, "लग्नसराई आहे, दोन दिवस गाडी द्या, डिझेल आमचे, वर तीन हजार रुपये देतो." कोणी उज्जैनच्या यात्रेसाठी मागतो, कोणी मंडीदीपच्या कारखान्यात पाहुण्यांची ने-आण करण्यासाठी महिन्याच्या ठरावावर घेऊ इच्छितो. घरबसल्या चार पैसे मिळत असतील तर कोणाला नको आहेत? पेटीत विम्याचा कागद आहे, हप्ता वेळेवर भरला आहे, तेव्हा मालक निश्चिंत मनाने किल्ली हवाली करतो.

नेमक्या याच ठिकाणी वाहनधारकाची मोठी फसगत होते. तीत फसविणारा कोणी नसतो, हे विशेष. विम्याच्या कागदावर सर्व काही स्पष्ट छापलेले असते. तो कागद वाचलेला नसतो एवढेच.

विमापत्रातील एक ओळ

खासगी मोटारीच्या विमापत्रावर 'वापराच्या मर्यादा' या शीर्षकाखाली एक लहान परिच्छेद असतो. त्याचा आशय असा की, हे वाहन कोणत्याही कामासाठी वापरल्यास विमा लागू राहील. मात्र भाडे किंवा मोबदला घेऊन वापर, नमुने व वैयक्तिक सामान वगळता अन्य मालाची वाहतूक, संघटित शर्यती, वेगाच्या चाचण्या आणि मोटारींच्या व्यापारासंबंधीचे काम यांना तो लागू नाही. यांपैकी शर्यतीशी सामान्य माणसाचा संबंध येत नाही. 'भाडे किंवा मोबदला' हे तीन शब्द मात्र अनेक घरांना भोवले आहेत.

या अटीमागील कारण समजून घेतले म्हणजे ती जाचक वाटत नाही. विमा हा एका परीने सामाईक निधी होय. सारख्या जोखमीचे लोक एकत्र येऊन वर्गणी काढतात आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला त्यातून साहाय्य मिळते. घरची मोटार दिवसाकाठी दहा-वीस किलोमीटर धावते आणि ती चालविणारे हात ठरलेले असतात. भाड्याची मोटार रात्रंदिवस, अनोळखी रस्त्यांवर आणि अनेकदा अनोळखी हातांत असते. साहजिकच तिचा हप्ता अधिक. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार एक हजार ते पंधराशे घनसेंटिमीटर क्षमतेच्या खासगी मोटारीचा त्रयस्थ पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये होता. त्याच क्षमतेच्या टॅक्सीचा मूळ हप्ता ७,९४० रुपये आणि शिवाय प्रत्येक प्रवाशामागे ९७८ रुपये. चार प्रवाशांच्या टॅक्सीचा हिशेब केल्यास तो ११,८५२ रुपये होतो, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट. खासगी दराने वर्गणी भरून टॅक्सीचा धंदा करणारा मनुष्य, त्याच्या मनात तसे नसले तरी, इतर वर्गणीदारांच्या निधीवर आपला भार टाकीत असतो.

कायद्याची वाटचाल

भारतात मोटारींविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्यानंतर १९३९ चा अधिनियम आला. त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. रस्त्यावरून चालणाऱ्या ज्या माणसाचा गाडीशी काहीही संबंध नाही, त्याला गाडीने इजा केल्यास भरपाई मिळालीच पाहिजे, हे त्यामागील तत्त्व होय. १९७२ च्या अधिनियमाने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि एकशेसात विमा संस्थांचे विलीनीकरण होऊन चार सरकारी कंपन्या निर्माण झाल्या. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना पुन्हा वाव मिळाला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि २०१९ साली त्यात व्यापक सुधारणा करण्यात आल्या.

या अधिनियमाच्या कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचा विमा उतरविल्याखेरीज कोणतेही वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. कलम ६६ नुसार परिवहन वाहनास, म्हणजे भाड्याने प्रवासी अगर माल नेणाऱ्या वाहनास, परवाना आवश्यक आहे. तो नसताना वाहन वापरल्यास अथवा वापरू दिल्यास कलम १९२-अ खाली सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची व दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. 'वापरू दिल्यास' हे शब्द मालकाने नीट ध्यानात घ्यावेत. गाडी दुसरा चालवीत होता, हा बचाव त्याला पुरत नाही.

त्रयस्थाचे नुकसान आणि मालकाची शेतजमीन

गाडी मोडली तर ती दुरुस्त करता येते, फार तर विकून टाकता येते. खरी आपत्ती वेगळी आहे आणि ती आकड्यांतच पाहणे बरे.

समजा, मिसरोद येथील एका गृहस्थांनी आपली खासगी मोटार दोन दिवसांसाठी भाड्याने दिली आणि होशंगाबाद रस्त्यावर तिने एका सायकलस्वार मजुरास धडक दिली. त्यात त्याचा मृत्यू झाला. मजुराचे वय ३२ वर्षे, मासिक कमाई १२,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ मध्ये ठरवून दिलेल्या पद्धतीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पुढीलप्रमाणे हिशेब करते. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी अथवा ठराविक वेतनावरील व्यक्तीच्या मिळकतीत भावी वाढीपोटी चाळीस टक्के मिळवावयाचे, म्हणजे महिना १६,८०० रुपये. चार अवलंबित असल्याने मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करावयाचा, म्हणजे १२,६०० रुपये उरले. वर्षाचे १,५१,२०० रुपये झाले. ३१ ते ३५ या वयोगटासाठी गुणक १६. गुणाकार २४,१९,२०० रुपये. यात अंत्यसंस्काराचा खर्च, कुटुंबाच्या सहवासहानीची रक्कम आणि दाव्याच्या तारखेपासूनचे व्याज निराळे.

आता ही चोवीस-पंचवीस लाखांची रक्कम कोण देणार? एरवी विमा कंपनी देते आणि प्रश्न तेथेच मिटतो. परंतु गाडी परवान्याविना भाड्याने वापरली जात होती, हा विमा कंपनीला कायद्याने उपलब्ध करून दिलेल्या मोजक्या बचावांपैकी एक आहे. पूर्वी तो कलम १४९ मध्ये होता, २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १५० मध्ये आहे. हा बचाव सिद्ध झाला म्हणजे न्यायाधिकरण पुष्कळदा असा आदेश देते की, कंपनीने मृताच्या कुटुंबास रक्कम आधी द्यावी आणि मग ती वाहनमालकाकडून वसूल करावी. परवाना नसताना गाडी रस्त्यावर आणणे हा विमाकराराचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निर्णयात म्हटले. त्या प्रकरणातही आधी भरणा व मग वसुली हाच मार्ग कायम ठेवण्यात आला. काही प्रकरणांत तर कंपनी पूर्णपणे मुक्त होते आणि सर्व भार थेट मालकावर येतो.

ही वसुली करण्यासाठी कंपनीला वेगळा दावा लावावा लागत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. कलम १७४ नुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र पाठवू शकते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. दोन दिवसांच्या सहा हजार रुपयांसाठी दिलेली गाडी सातबाऱ्यापर्यंत येऊन पोहोचते ती अशी. मध्य प्रदेशात तो उतारा खसरा-खतौनी या नावाने ओळखला जातो. नाव निराळे असले तरी जप्ती सारखीच.

गाडी भाड्याने घेणाराच चालवीत होता, मालक शंभर कोसांवर होता, हा युक्तिवादही फारसा उपयोगी पडत नाही. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव तो मालक, आणि अपघातग्रस्तांपुढे उत्तरदायीही तोच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आणखी एका प्रकरणात सांगितले. त्या प्रकरणात तर गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती. केवळ नोंद बदलली नव्हती.

भाडे देऊन गाडीत बसलेल्या प्रवाशांची स्थिती याहून नाजूक असते. खासगी मोटारीचा सर्वसमावेशक विमा असेल तर घरच्या गाडीत बसलेली माणसे त्यात समाविष्ट होतात. विमा नियामक प्राधिकरणाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने हे स्पष्ट केले होते. मात्र केवळ त्रयस्थ पक्षाचा किमान विमा असलेल्या खासगी गाडीत ते संरक्षण नाही. त्यात भाडे घेतल्याचे सिद्ध झाले तर प्रवाशाच्या कुटुंबाला कंपनीच्या दारातून रिकाम्या हाताने परतावे लागण्याचा संभव असतो. पश्चिम महाराष्ट्रातील वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसणाऱ्यांनी हे माहीत असणे अगत्याचे आहे. वाहकाने तिकीट दिले नाही याचे त्यांना काही वाटत नाही. तिकिटाबरोबर आणखी काय मिळाले नाही, ते अपघातानंतर कळते.

ग्वाल्हेरच्या वाहनमालकाचे प्रकरण

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबाबत मात्र न्यायालयांनी काहीसा मऊ दृष्टिकोन स्वीकारला आहे आणि त्यातील महत्त्वाचा निर्णय मध्य प्रदेशातीलच एका प्रकरणातून आला. ग्वाल्हेर येथील एका वाहनमालकाची स्कॉर्पिओ गाडी खासगी वापरासाठी विमाकृत होती. प्रवासी म्हणून बसलेल्या माणसांनी ती वाटेत हिसकावून नेली. गाडी टॅक्सीसारखी वापरली जात होती, सबब अटींचा भंग झाला, असे सांगून विमा कंपनीने दावा फेटाळला. राज्य ग्राहक आयोगाने 'नॉन-स्टँडर्ड' तत्त्वावर, म्हणजे अटीचा भंग लक्षात घेऊन कपात करून, पंचाहत्तर टक्के रक्कम देण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय आयोगाने तो कायम केला आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयानेही. न्यायालयाची विचारसरणी अशी की, गाडी चोरीस गेली आहे. ती घरच्या कामासाठी नेली होती की भाड्याने, याचा चोरीशी संबंध जोडून संपूर्ण दावा नाकारणे योग्य नव्हे.

दोन वर्षांनी, २०१० साली, भाड्याने दिलेल्या खासगी गाडीच्या अपघाताचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तेथेही हेच तत्त्व लावण्यात आले. विमा कंपन्यांच्या स्वतःच्याच मार्गदर्शक सूचनांत, वापराच्या मर्यादेसह अन्य अटींचा भंग झाल्यास ग्राह्य रकमेच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत दावा देता येतो, असे नमूद होते. मागणी पाच लाखांची होती. न्यायालयाने अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

या दोन निर्णयांचा पुष्कळ वाहनधारक चुकीचा अर्थ लावतात. गाडी भाड्याने दिली तरी बारा आणे मिळतातच, अशी समजूत रूढ होत आहे. तसे नाही. पंचाहत्तर टक्के ही कमाल मर्यादा आहे, हक्काची रक्कम नव्हे. ग्वाल्हेरच्या मालकाला त्यासाठी जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत चार पायऱ्या चढाव्या लागल्या. शिवाय ही सवलत स्वतःच्या गाडीपुरती आहे. वर ज्या चोवीस लाखांचा हिशेब मांडला, त्याला ती लागू होत नाही.

चोरीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. गाडी भाड्याने नेणारा मनुष्य ती परत आणतच नाही, असे झाले तर कायद्याच्या भाषेत ती चोरी असेलच असे नाही. मालकाने किल्ली स्वहस्ते दिलेली असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आणि फौजदारी न्यासभंग कलम ३१६ मध्ये आहे. विमापत्रात घरफोडी व चोरीपासून संरक्षण असते. विश्वासाने दिलेली वस्तू गिळंकृत करणे हा प्रकार त्यात बसत नाही, असा पवित्रा विमा कंपन्या घेतात. म्हणून पोलिसांत फिर्याद देताना घडले ते जसेच्या तसे सांगावे. चोरी दाखविण्यासाठी रचलेली हकीकत पुढे साक्षीपुराव्यात टिकत नाही आणि मग खरा भागही खोटा ठरतो.

उसनी गाडी व भाड्याची गाडी

शेजाऱ्याला दवाखान्यात न्यावयाचे आहे, भाच्याचे लग्न आहे, अशा प्रसंगी गाडी देऊ नये की काय, असा प्रश्न येथे सहज उद्भवतो. तसे मुळीच नाही. मालकाच्या संमतीने, वैध अनुज्ञप्ति असलेल्या कोणीही गाडी चालविली तरी खासगी विमा लागू राहतो. मोबदला घेतला नाही, तर ते भाडे नव्हे. गाडी भाड्याने दिली होती, हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर असतो. परंतु आजकाल हा भार पेलणे कंपनीला कठीण जात नाही. अपघातानंतर पोलिसांनी घेतलेल्या जबाबात प्रवासी सहजपणे सांगून जातो, "आम्ही दोन हजारांत गाडी ठरविली होती." मोबाइलवरून पाठविलेल्या पैशांची नोंद तर तारीख-वेळेसह उपलब्ध असते.

उसनी गाडी देतानाही चालकाची अनुज्ञप्ति डोळ्यांनी पाहावी. हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ति असलेला चालक ७,५०० किलोपर्यंत वजनाचे परिवहन वाहनही चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. त्यामुळे टॅक्सीचालकांविषयीचा एक जुना वाद मिटला. तथापि मुदत संपलेली अथवा मुळात नसलेली अनुज्ञप्ति या निर्णयाने वैध होत नाही. तसेच मालक-चालकासाठी विमापत्रात जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालक स्वतः गाडीत चालक असेल तेव्हाचा. भाड्याने घेणाऱ्याला त्याचा लाभ नाही.

कार्यालये व शाळा यांच्यासाठी

हा विषय केवळ गाडीच्या मालकांचा नाही. शाळेची सहल निघते, मुख्याध्यापक ओळखीच्या पालकाकडून जीप ठरवितात. कार्यालयात अधिकाऱ्यांच्या दौऱ्यासाठी मासिक ठरावाने मोटार घेतली जाते. दर कमी म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी पसंत पडते. येथे पाटीचा रंग पाहण्याची सवय ठेवावी. तो निरक्षर माणसालाही वाचता येतो. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर गाडी खासगी, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर परवानाधारक, आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर चालकाविना भाड्याने देण्यासाठी नोंदलेली. विजेवरील वाहनांच्या पाट्या हिरव्या असतात. त्यांत खासगी गाडीची अक्षरे पांढरी व भाड्याच्या गाडीची पिवळी. पर्यटकांची वर्दळ असलेल्या गोव्यात काळ्या पाटीच्या मोटारी जागोजाग दिसतात.

देयक मंजूर करणाऱ्या लिपिकाने नोंदणी, परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि विमापत्र या चार कागदांच्या प्रती धारिकेस जोडून घ्याव्यात. विमापत्रावरील वाहनाचा वर्ग व मुदत दोन्ही पाहावे. मुलांच्या सहलीच्या बाबतीत तर शिक्षकांनी या कागदांविना गाडीत एकही मूल बसवू नये. पालक विश्वासाने मूल शाळेकडे सोपवितो, अमुक गाडीकडे नाही.

निवडणुकीच्या कामासाठी शासनाने गाडी अधिग्रहित केली तर काय, असे ग्रामीण भागातून हटकून विचारले जाते. तेथे मालकाची संमती नसते आणि गाडीवरचे नियंत्रणही त्याच्याकडे राहत नाही. अशा अधिग्रहित मोटारीच्या अपघातात भरपाईची जबाबदारी मालकाची अथवा त्याच्या विमा कंपनीची नसून शासनाची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. अधिग्रहणाचा लेखी आदेश आणि गाडी ताब्यात दिल्याघेतल्याच्या नोंदी मात्र मालकाने जपून ठेवाव्यात.

मग रीतसर मार्ग कोणता?

गाडीपासून उत्पन्न मिळवावयाचे असेल तर तिचा वर्ग बदलून घेणे हा सरळ मार्ग होय. प्रादेशिक परिवहन कार्यालयात अर्ज करून खासगी नोंदणी परिवहन वर्गात बदलता येते. कराचा फरक भरावा लागतो, योग्यता प्रमाणपत्र व परवाना घ्यावा लागतो, पाटी पिवळी होते आणि विमाही त्या वर्गाचा उतरवावा लागतो. गाडीवर बँकेचे कर्ज असल्यास बँकेची संमती आधी घ्यावी. खासगी वापरासाठी दिलेल्या कर्जाच्या करारातही गाडी भाड्याने देण्यास बहुधा मनाई असते, आणि तो करार विमापत्राहूनही कमी वाचला जातो.

चालकाशिवाय गाड्या भाड्याने देण्यासाठी केंद्र शासनाने कलम ७५ खाली १९८९ साली योजना केली. ती मोठ्या व्यावसायिकांसाठी आखलेली आहे. परवाना मिळविण्यासाठी किमान पन्नास मोटारी, चोवीस तास उघडे कार्यालय, गाड्या ठेवण्यास पुरेशी जागा आणि प्रत्येक गाडीचा सर्वसमावेशक विमा अशा अटी तीत घालण्यात आल्या. मिसरोदमधील एका गाडीच्या मालकाला ही योजना स्वतःच्या नावाने उपयोगाची नाही, हे उघड आहे. कायद्याने एकीकडे पन्नास गाड्यांचा व्यावसायिक पाहिला, दुसरीकडे घरची मोटार पाहिली. एकच गाडी अधूनमधून भाड्याने देणारा मधला माणूस त्याच्या नजरेतून बराचसा सुटला आहे. ही उणीव मान्य करावयास हरकत नाही. परंतु जोवर ती भरून निघत नाही, तोवर तिची किंमत त्या मधल्या माणसालाच मोजावी लागते.

विम्याच्या बाजूने पाहता, २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकात 'भाड्याने घेणारा स्वतः चालवीत असलेली वाहने' अशा मथळ्याचे ३५ क्रमांकाचे पृष्ठांकन आहे. जादा हप्ता भरून ते विमापत्रास जोडता येते. सहापर्यंत प्रवासी क्षमतेच्या चारचाकी वाहनांचा त्यात विचार केला आहे. परंतु पृष्ठांकन म्हणजे परवाना नव्हे. ज्या गाडीची नोंदणीच खासगी आहे, तिला विमा कंपनी ते देईल अशी अपेक्षा धरू नये.

अलीकडे मोबाइलवरून गाड्या जोडून देणारे मध्यस्थ मालकाला सांगतात, "विम्याची चिंता करू नका, आमचे संरक्षण आहे." अशा वेळी मालकाने तीन गोष्टी लेखी मागाव्यात. हे संरक्षण म्हणजे एखाद्या विमा कंपनीने मालकाच्या गाडीच्या क्रमांकावर दिलेले विमापत्र आहे की मध्यस्थाचे केवळ आश्वासन? त्रयस्थ पक्षाची जबाबदारी त्यात आहे काय? आणि गाडी परत आलीच नाही तर काय? पहिल्या प्रश्नालाच उत्तर टाळले गेले, तर पुढचे दोन विचारण्याचे कारण उरत नाही.

दावा नाकारला गेल्यास

अपघात झाल्यावर पोलीस व विमा कंपनी या दोघांनाही तत्काळ कळवावे. गाडी चोरीस गेली आणि पोलिसांत फिर्याद लगेच दिली असेल, तर कंपनीला कळविण्यात झालेल्या विलंबाच्या एकाच कारणावरून दावा नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय आहे. सर्वेक्षक येईपर्यंत गाडी हलवू अथवा दुरुस्त करू नये. कंपनीने नकार दिल्यास तो लेखी आणि सकारण मागावा. भाड्याच्या वापराचे कारण दिलेले असेल, तर कंपनीने ते कोणत्या पुराव्यावरून ठरविले, हे विचारण्याचा विमेदारास अधिकार आहे.

त्यानंतर दोन दारे उघडी असतात. विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत आहे. मध्य प्रदेश व छत्तीसगडसाठी लोकपालाचे कार्यालय भोपाळ येथेच आहे. महाराष्ट्रातील विमेदारांसाठी मुंबई व पुणे येथे कार्यालये आहेत. दुसरे दार जिल्हा ग्राहक आयोगाचे, तेथे मुदत दोन वर्षांची. पाच लाख रुपयांपर्यंतचा मोबदला असलेल्या प्रकरणांत तेथे शुल्क पडत नाही, आणि मोटारीच्या विम्यात मोबदला म्हणजे भरलेला हप्ता असल्याने बहुतेक वाहनधारक या मर्यादेत बसतात. तक्रार मराठीभाषक कुटुंबाला भोपाळमध्ये हिंदीतून करता येईल. तिच्यासोबत विमापत्राची पूर्ण प्रत जोडावी, केवळ पहिले पान नव्हे. वापराच्या मर्यादा पुष्कळदा मागील पानावर छापलेल्या असतात.